पापणी वर करा, हात पुढे धरा

मण्यार चावली तर फारसं दुखत नाही. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते आणि पुष्कळदा त्याला जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडतील असं नाही. पहाटेकडे पोटात कळ येते, घसा आवळल्यासारखा होतो आणि पापण्या जड व्हायला लागतात. घरच्यांना वाटतं, झोप नीट झाली नसेल. तोवर विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथपर्यंत पोचलेलं असतं. आधी पापणी, मग जीभ, मान आणि शेवटी श्वास, साधारण अशा क्रमाने एकेक स्नायू काम सोडत जातो.

हे ओळखायला डॉक्टरला मोठी यंत्रं लागत नाहीत. वर बघा, पापण्या उचला. जीभ बाहेर काढा. उशीवरून मान उचलून दाखवा. एका श्वासात एक, दोन, तीन मोजत जा. मोजलेला आकडा दर वेळी खाली येऊ लागला की श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत हे कळतं आणि कृत्रिम श्वासाची तयारी करावी लागते. एवढी जीवघेणी अवस्था चार-पाच साध्या हालचालींतून वाचता येते. या हालचाली डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या कॅमेऱ्यालाही दिसू शकतात.

भिवपुरीच्या परिसरात या गोष्टीला फार महत्त्व आहे. मध्य रेल्वेच्या नेरळ आणि कर्जत या स्थानकांच्या मध्ये भिवपुरी रोड लागतं. मूळ गाव आणि टाटांचं वीजगृह त्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीने ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटावरून खाली सोडून १९२२ साली इथे वीज तयार करायला सुरुवात केली आणि ती मुंबईला पाठवली. वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राजनाला वाहतो आणि कर्जत तालुक्याच्या काही भागात उन्हाळ्यातही भात पिकतो. भात आला की उंदीर आले, उंदीर आले की साप आले. त्यातून डोंगराच्या अंगाने ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय, आणि नेरळ, कडाव, कळंब, आंबिवली, खांडस इथे प्राथमिक आरोग्य केंद्रं. मुंबई लोकलने साधारण दोन तासांवर. नकाशात हे अंतर काहीच वाटत नाही. पण वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट नकाशात नसते. खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली तेव्हा बचाव पथकांना चिखलातून पायी डोंगर चढावा लागला. मुंबईपासून इतक्या जवळ गाडीरस्ता नसलेली वस्ती असू शकते हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अशा ठिकाणी दूरवैद्यक, म्हणजे लोकांच्या तोंडचं टेलिमेडिसिन, सरकारी यंत्रणेतून आता पोचलेलं आहे. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅकने ती उभारली. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, रुग्णाने घरूनच डॉक्टरला गाठण्याची सोय तिच्यात आली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात दहा कोटींहून अधिक सल्ले तिच्यामार्फत दिले गेले. खेड्यात यातला मोठा भाग उपकेंद्रातून होतो. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना गावात ‘सीएचओ मॅडम’ किंवा ‘सर’ म्हणतात, रुग्णाला समोर बसवतात, रक्तदाब आणि साखर तपासतात, पडद्यावर डॉक्टरला जोडतात आणि मधे बसून दोघांचं बोलणं एकमेकांना पोचवतात.

या बैठकीत रुग्ण बोलतो कमी आणि दाखवतो जास्त. ‘इथून धरतं आणि असं वर जातं,’ म्हणत आजीबाईंचा हात कमरेपासून खांद्यापर्यंत फिरतो. छातीत दुखतंय सांगणारा माणूस एका बोटाने जागा दाखवतो की मूठ वळून छातीवर ठेवतो, याला वैद्यकात अर्थ आहे. हृदयाकडून येणाऱ्या दुखण्यात अनेक रुग्ण मूठ किंवा पूर्ण तळवा छातीवर ठेवतात. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लिव्हाइन यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. तिच्यावर एकटीवर निदान करता येत नाही, पण ती पाहून जाणता डॉक्टर कान टवकारतो. आता उपकेंद्रातला कॅमेरा बघा. तो टेबलावर ठेवलेला, रुग्णाच्या चेहऱ्यावर रोखलेला. चौकट हनुवटीखाली संपते. मूठ चौकटीबाहेर राहते आणि डॉक्टरला फक्त ‘छातीत दुखतं’ हे शब्द ऐकू येतात.

संगणकशास्त्रात हातवाऱ्यांवर चालणाऱ्या यंत्रांचा अभ्यास बराच जुना आहे. १९८० साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी एक प्रयोग दाखवला. खुर्चीत बसलेला माणूस भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट करून ‘ते तिथे ठेव’ म्हणतो आणि पडद्यावरचा आकार खरोखर तिथे जातो. पुढची तीस वर्षं हे प्रयोगशाळेतच राहिलं. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्ट नावाचा, अदृश्य प्रकाशाने खोली मोजणारा आणि माणसाचे सांधे ओळखणारा कॅमेरा खेळण्यासाठी बाजारात आणला. पहिल्या साठ दिवसांत त्याचे सुमारे ८० लाख नग विकले गेले. दवाखान्यांनी तो लगेच उचलला.

कारण शस्त्रक्रियागृहात एक खरी अडचण होती. निर्जंतुक हातमोजे घातलेल्या शल्यविशारदाला शस्त्रक्रियेच्या मध्यावर सीटी स्कॅनचं पुढचं चित्र बघायचं असतं. माउसला हात लावला की पुन्हा हात धुणं आलं. नाहीतर ‘अजून थोडं खाली, नाही, वर’ असं दुसऱ्याला सांगत बसायचं. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात हुआन वाक्स आणि सहकाऱ्यांनी किनेक्टच्याही आधी हाताच्या इशाऱ्याने चित्रं फिरवणारी प्रणाली मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरून पाहिली होती. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात आणि लंडनच्या सेंट थॉमसमध्ये नंतर किनेक्टवर तेच काम झालं. स्पर्श न करता यंत्र चालवणं तिथे अत्यंत सयुक्तिक होतं, आणि आजही आहे.

गडबड झाली ती हीच कल्पना जशीच्या तशी दूरवैद्यकात आणायला निघालेल्यांची. उपकेंद्रातल्या सीएचओला हवेत हात फिरवून पडदा सरकवायची काही गरज नसते. तिच्यासमोर मोबाईल किंवा टॅब असतो, तो बोटाने चालतो, आणि तो तिला उत्तम चालवता येतो. तिची अडचण वेगळी आहे. समोरच्या रुग्णाचं शरीर जे सांगतंय ते पलीकडच्या डॉक्टरला जसंच्या तसं दिसत नाही. शस्त्रक्रियागृहात हातवारे यंत्राला हुकूम देण्यासाठी लागतात. भिवपुरीच्या उपकेंद्रात ते रुग्णाचे असतात, आणि यंत्राचं काम ते नीट बघण्याचं, मोजण्याचं आणि पलीकडे पोचवण्याचं आहे. या फरकाकडे दुर्लक्ष केलं तर पैसा चुकीच्या जागी जातो.

पैशाची गोष्ट निघाली आहे तर किनेक्टचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. उद्योगांसाठी २०१९ मध्ये आलेली त्याची नवी आवृत्तीही २०२३ मध्ये बंद झाली. अर्धांगवायूच्या रुग्णांच्या व्यायामासाठी जगभर ज्यांनी या पेटीवर प्रणाली बांधल्या, त्यांना नवा कॅमेरा शोधावा लागला. सरकारी दवाखान्यात एखादं उपकरण एकदा आलं की ते पंधरा वर्षं चालावं अशी अपेक्षा असते. परदेशी खेळण्याच्या आयुष्यावर अवलंबून राहणं अशा ठिकाणी परवडत नाही.

दरम्यान खास कॅमेऱ्याची गरजच कमी झाली. २०१९ मध्ये गूगलने मीडियापाइप हे साधन खुलं केलं. साध्या मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यातून ते हाताचे २१ बिंदू ओळखतं: मनगट आणि प्रत्येक बोटाचे चार. पूर्ण शरीराचे ३३ बिंदू आणि चेहऱ्याचे ४६८. सगळी गणितं मोबाईलमध्येच होतात, चित्र बाहेर पाठवावं लागत नाही. घाटाच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज येते-जाते, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा कळीचा. हिशेब करून बघण्यासारखा आहे. एका चौकटीत ३३ बिंदू, प्रत्येकाची तीन मापं आणि तो बिंदू कितपत दिसतोय याचा एक आकडा, असे १३२ आकडे. सेकंदाला १५ चौकटी घेतल्या तर सुमारे दोन हजार आकडे होतात, आणि एका आकड्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला चार किलोबाइट. व्हिडिओ कॉल याच्या कित्येक पट जागा मागतो. चित्र अडखळत असताना किंवा पार गोठलेलं असतानाही सांध्यांची हालचाल पलीकडे नीट पोचू शकते. शिवाय चेहरा आणि अंग न दाखवता फक्त रेषांचा सांगाडा पाठवता येतो. उपकेंद्राच्या एकाच खोलीत, बाहेर रांग लागलेली असताना, एखाद्या बाईला खांद्यावरचा पदर बाजूला करून हात वर करायला सांगणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

पण सांगाड्यात पापणी नसते, घाम नसतो, त्वचेचा थंडपणा तर नसतोच.

रायगड जिल्ह्यापुरती ही उणीव फार मोठी आहे, आणि त्याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्यासमोर मरत होती. पुस्तकात या विषयावर फारसं काही नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली: दरदरून घाम, उलट्या, थंडगार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुफ्फुसात साचणारं पाणी. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी या विषावर वापरलं आणि विंचूदंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण अगदी थोडक्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा पाया म्हणजे रुग्णाच्या पायाला लावलेला हात. पाय गार आहे हे कोणत्याही कॅमेऱ्याने त्यांना सांगितलं नसतं.

म्हणून उपकेंद्रात जो माणूस रुग्णाशेजारी बसलेला आहे, त्याचा हात हा या सगळ्या यंत्रणेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भारताच्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० रोजी निघाल्या. त्यांत आरोग्य कर्मचारी रुग्णाला तपासून निष्कर्ष दूरच्या डॉक्टरला सांगू शकतो, याला स्पष्ट जागा दिलेली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने स्वतःहून रुग्णाला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये, डॉक्टरला मदत मात्र करावी, असंही त्याच सूचनांत आहे. जबाबदारी माणसाचीच ठेवली, हे योग्य झालं.

सर्पदंशात ही जोडी कशी काम करू शकते ते बघा. मण्यार आणि नागाचं विष स्नायूंवर जातं, ते डोळ्यांना दिसतं. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं. त्यासाठी एक जुनी चाचणी आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळी अजिबात हलवायची नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त न गोठता वाहिलं तर विष भिनलेलं आहे. ती नळी कॅमेऱ्यासमोर कलती केली की शंभर किलोमीटरवरचा डॉक्टरही निकाल स्वतः वाचू शकतो. २० मिनिटांचा गजर मोबाईलने लावावा, पापणी आणि बुबुळ यांतलं अंतर दर दहा मिनिटांनी मोजून ठेवावं, एका श्वासात मोजलेला आकडा नोंदवून त्याचा आलेख दाखवावा. प्रतिविष द्यायचं की नाही, रुग्णाला १०८ च्या रुग्णवाहिकेने पुढे हलवायचं की इथेच ठेवायचं, हा निर्णय डॉक्टरने घ्यावा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. रस्ते व्हायला वेळ लागेल. पापणी मोजायला लागू नये.

महाराष्ट्रात हाताच्या हालचालीवर चालणारं, अगदी साधं असं एक वैद्यकीय साधन तीस वर्षांपूर्वीच तयार झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालमृत्यूंवर काम सुरू केलं, तेव्हा न्यूमोनिया ओळखायला मुलाचे श्वास मोजणं हाच मार्ग होता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, त्याहून मोठ्या आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या सुईणींना एवढे आकडे मोजता येत नव्हते. बंग दांपत्याने त्यांच्यासाठी वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. या ‘श्वासमापका’वरचं टिपण १९९२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’मध्ये आलं. त्या बाईला दहापर्यंत मोजता येत होतं आणि मणी सरकवता येत होता. तिला जे येतं तिथूनच साधनाची रचना सुरू झाली. आज मोबाईलचा कॅमेरा बाळाच्या छातीची हालचाल टिपून श्वास मोजू पाहतो. त्याची कसोटी त्या मण्यांशी लावावी. रडणारं, हातपाय झाडणारं, आईच्या मांडीवरचं, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडातलं बाळ या दोघांतल्या कोणाला जास्त बरं मोजता येतं?

याच वाटेवरचं अलीकडचं काम मुंबईतल्या वाधवानी एआय या संस्थेचं. २०१८ मध्ये कालिन्याला सुरू झालेल्या या संस्थेने नवजात बाळाचं वजन साध्या व्हिडिओतून काढणारं साधन विकसित केलं. बाळाशेजारी ठरावीक मापाची वस्तू ठेवायची आणि मोबाईल बाळावरून हळूहळू कमानीसारखा फिरवायचा. इथे यंत्राला लागणारी हालचाल आशाताईच्या हाताची आहे. ती हालचाल तिला दोन मिनिटांत शिकवता येते का, यावर ते साधन टिकेल किंवा पडेल.

जे हातवारे यंत्राला ‘नैसर्गिक’ म्हणून शिकवले जातात, ते कोणाच्या निसर्गाला धरून असतात हा प्रश्न इथे येतो. डोनाल्ड नॉर्मन या संरचनाकाराने २०१० मध्येच लिहून ठेवलं होतं की हातवारे नैसर्गिक वगैरे काही नसतात, ते शिकावे लागतात आणि देशोदेशी बदलतात. कर्जतच्या बाजारात कुणाही भाजीवालीला हिशेब करताना बघावं. ती अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत मोजते, एका हातावर बारापर्यंत. बहुतेक हातवारे-प्रणालींत अंगठ्याने बोटाला स्पर्श करणं म्हणजे ‘निवडा’. ‘बाळाला किती जुलाब झाले?’ या प्रश्नावर आई पेरं मोजू लागली की यंत्राला वाटेल ती काहीतरी निवडते आहे. मान दोन्ही बाजूंना हलकी डोलवणं म्हणजे आपल्याकडे ‘हो, कळलं, बोला पुढे’. युरोपातल्या चेहऱ्यांवर शिकलेलं यंत्र त्याला नकार समजू शकतं. हातातल्या बांगड्या, मेंदी, शेणामातीने भेगाळलेले तळवे, गडद कांती, कमी उजेड: यांतली प्रत्येक गोष्ट मोजमापाला धक्का लावू शकते. बोटात अडकवायच्या ऑक्सिमीटरची चूक गडद त्वचेवर जास्त होते हे जगाला डिसेंबर २०२० मध्ये, करोनाच्या ऐन लाटेत, नीट कळलं. तेव्हा आपल्या गावागावांत आशाताई तेच यंत्र बोटांना लावत फिरत होत्या.

डावं-उजवंही असंच फसवतं. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात आपल्याला स्वतःचं प्रतिबिंब आरशासारखं उलटं दिसतं आणि पलीकडच्याला मात्र सुलटं. डॉक्टर ‘मी करतो तसं करा’ म्हणून उजवा हात वर करतात, रुग्ण आरशात बघितल्यासारखा डावा उचलतो. एरवी यात हसण्यापलीकडे फारसं बिघडत नाही. अर्धांगवायूमध्ये मात्र कोणती बाजू गेली हेच तर ठरवायचं असतं. तिथे सीएचओने रुग्णाच्या हाताला स्पर्श करून ‘बाबा, हा हात’ म्हणणं, हीच आजवरची सर्वांत भरवशाची तरकीब आहे.

अर्धांगवायू, म्हणजे लकवा, हे या तंत्राचं सर्वांत जवळचं आणि सर्वांत रास्त काम. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली तर गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांत द्यावं लागतं. वाडीवरून खाली उतरणं, वाहन, सीटी स्कॅन, यांत हे तास संपतात. तपासणीतली महत्त्वाची पायरी अगदी सोपी आहे: दोन्ही हात पुढे धरा, दहा सेकंद. एक हात हळूहळू खाली येऊ लागला तर मेंदूत काहीतरी झालं आहे. पाय असेल तर पाच सेकंद. हात किती खाली आला, किती सेकंदांत आला, हे डोळ्याने अंदाजाने सांगण्यापेक्षा ३३ बिंदूंवरून अंशांत मोजता येतं. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून शिमला आणि टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मेंदूतज्ज्ञांनी जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या डॉक्टरांना मोबाईलवरून मार्गदर्शन करून हे औषध द्यायला लावलं. त्या जिल्ह्यांतही डोंगर होते आणि तज्ज्ञ नव्हते.

झटक्यानंतरचे महिने तर आणखी महत्त्वाचे. हात पुन्हा चालता व्हावा म्हणून रोज व्यायाम हवा, आणि व्यायाम बरोबर होतो आहे का हे बघणारं कुणीतरी हवं. फिजिओथेरपिस्टकडे जायचं म्हणजे एसटी किंवा टमटमचं भाडं, आणि आणणाऱ्या-नेणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी. कातकरी कुटुंबं तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचा पाठपुरावा कोणतं केंद्र करणार? भट्टीवर मुलाच्या मोबाईलसमोर बसून केलेला व्यायाम, ‘कोपर अजून थोडं सरळ, आजोबा’ असं मराठीत सांगणारा आवाज आणि पंधरवड्याने ते आकडे बघणारा फिजिओथेरपिस्ट, एवढं जमलं तर बरंच काही होईल.

कंपवाताच्या बाबतीत महाराष्ट्रात माणसांनी यंत्राआधीच वाट तयार केली आहे. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आणि नर्तक हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवत आले आहेत. करोनाच्या काळात असे अनेक गट पडद्यावर भरू लागले. या आजाराच्या तपासणीत अंगठा आणि तर्जनी दहा वेळा, जमेल तेवढी फाकवून आणि जमेल तेवढ्या वेगाने एकमेकींना टेकवायची असते. निरोगी माणसाची फाक शेवटपर्यंत तेवढीच राहते, कंपवातात ती लहान होत जाते. डोळ्याला हा फरक दोन-तीन पातळ्यांत दिसतो. २१ बिंदू तो मिलिमीटरच्या जवळपास धरू शकतात. औषधाचा डोस वाढवायचा का, हे ठरवताना डॉक्टरला अशा नोंदीची मदत होईल. नाचताना मिळणारी सोबत मात्र त्या नोंदीत येत नाही, आणि कंपवाताच्या माणसाला ती औषधाइतकीच लागते.

एक मोठा गट या सगळ्या चर्चेत कायम मागे राहतो. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक माणसांनी श्रवणदोष नोंदवला. दूरवैद्यक बोलण्या-ऐकण्यावर उभं आहे, त्यामुळे बहिऱ्या रुग्णासाठी ते जवळजवळ बंद दार. देशातली बधिरांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास माझगावला निघाली, अली यावर जंग संस्था १९८३ पासून वांद्र्यात आहे, आणि दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर पोचला. संकेत ओळखून त्यांचं बोलणं करणाऱ्या यंत्राचे प्रयोग बरेच होतात, पण सांकेतिक भाषेत चेहरा, भुवया, खांदे हेही व्याकरण असतं. बोटांचे आकार ओळखून ते काम भागत नाही. आज या घडीला बधिर रुग्णाला सर्वांत उपयोगी ठरेल ती पडद्यावर तिसऱ्या खिडकीत बसलेली दुभाषी. ती देणं अवघड नाही. ती अजून सर्वत्र मिळत नाही, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘हाताच्या इशाऱ्याने चालणारा माउस’ हा अंतिम वर्षाचा आवडता प्रकल्प आहे. भिवपुरी रोडजवळ चांदईला यादवराव तासगावकर महाविद्यालय आहे, कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं. तिथल्या मुलांना विषय बदलून देता येईल. माउसऐवजी हात पुढे धरण्याची दहा सेकंदांची तपासणी घ्यावी. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, खिडकीतून मागून उजेड येत असताना, बांगड्या घातलेल्या हातांवर ती बरोबर येते का पाहावं. रुग्णाची लेखी संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. समजेल अशा भाषेतली संमती २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही मागतो. चित्र न ठेवता फक्त बिंदू ठेवावेत. डावा-उजवा गोंधळ मुळातच काढून टाकावा. छाती आणि मूठ चौकटीत येईल अशा उंचीवर मोबाईल धरणारं लाकडी स्टँड गावच्या सुताराकडून करून घ्यावं, कारण सीएचओचे दोन्ही हात रुग्णासाठी मोकळे लागतात. आणि निकाल बरोबर की चूक, हे कर्जत आणि कशेळ्याच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी त्याच रुग्णाला समोर बसवून, हात हातात घेऊन तपासावं.